सातव्या दारातली सावली

माझी आत्या चौसष्ट वर्षांची आहे आणि मारामारीवर तिचं पोट चालतं. नव्या ओळखीच्या माणसाला मी हे असंच सांगते आणि त्याचा चेहरा बघते. तो आत्याचा पांढरा अंबाडा बघतो, नाकावर घसरलेला चष्मा बघतो, जेमतेम पाच फुटांची उंची बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. मग मला सांगावं लागतं की मारामारी पडद्यावरची आहे. जुन्या व्हिडिओ गेमची.

मी विमा कंपनीत दावे तपासते. जळालेली कपाटं, बुडालेला माल, चेपलेल्या गाड्या, यांची किंमत ठरवण्यात माझी सोळा वर्षं गेली. तरीही तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या जुन्या कॅसेटला एखाद्या दुकानाच्या गाळ्याइतका भाव येऊ शकतो, हे मला आत्याने समजावलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. ती म्हणाली, "तुझ्या कंपनीत जुनी वस्तू स्वस्त होते. आमच्यात उलटं आहे. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

आत्याने लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणते, बस चुकल्यासारखं. बाविसाव्या वर्षी ती एका व्हिडिओ गेम पार्लरात काउंटरवर बसायला लागली. काम एवढंच की पैसे घ्यायचे, टोकन द्यायची आणि कोणी यंत्राला लाथ मारली तर त्याला बाहेर काढायचं. माझ्या वडिलांना ही नोकरी मुळीच पसंत नव्हती. टवाळ पोरांच्या टोळक्यात बहीण बसते म्हणून ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. ती जेवायला वाढायची आणि म्हणायची, "बोलू नकोस, पण आमटी घे." शेवटी महिनाभराने वडीलच कंटाळले.

पार्लराचा मालक कवडीचुंबक होता. यंत्र बिघडलं की दुरुस्तीवाल्याला बोलवायचा, तोही सर्वात स्वस्त शोधून, आणि तो आठवडाभराने उगवायचा. आत्याने दोनदा त्याच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. तिसऱ्यांदा त्याची गरज पडली नाही. पण मालकाचा एक दंडक होता की कॅसेट कोणी उघडायची नाही. प्रत्येक कॅसेटच्या मागे स्क्रूवर कारखान्याची एक पातळ चिकटपट्टी असायची. ते सील तुटलं की पुरवठादार कॅसेट बदलून देत नसे. दुरुस्तीवालाही म्हणून फक्त यंत्राला हात लावायचा. बदलून मिळेपर्यंत मेलेली कॅसेट मेलेलीच राहायची आणि पोरं हिरमुसून जायची.

हे आत्याला बघवेना. ती सकाळी मालकाच्या आधी तासभर यायची. चहाच्या किटलीच्या वाफेवर कॅसेट धरून ती पट्टी अशी सोडवायची की डिंकाचा कणही हलत नसे. आत जे काही निखळलं असेल ते डाग देऊन जोडायची. दोन कॅसेट मेल्या असतील तर या कवचातला सर्किट बोर्ड त्या कवचात घालून त्यातली एक तरी जिवंत करायची. मग पट्टी परत जागच्या जागी. मालक पार्लर बंद होईपर्यंत, म्हणजे तब्बल एकोणीस वर्षं, लोकांना सांगत राहिला की हा माल इतका उत्तम आहे की आपोआप सुधारतो. आत्या काउंटरवर बसून टोकनं मोजत असायची.

दुरुस्त केलेली कॅसेट नीट चालते का, हे बघायचं तर खेळावं लागतं. तिच्या खेळाचा उगम हा असा आहे, त्यात हौसेचा भाग थोडाच. म्हणून ती आजही तपासणी केल्यासारखी खेळते. पाठ ताठ, चहा उजव्या हाताला, तोंडातून अवाक्षर नाही. पडद्यावर एखादा राक्षस धुराळा उडवत अंगावर येत असतो आणि ही शिवणाच्या सुईत दोरा ओवल्यासारख्या चेहऱ्याने त्याला लोळवत असते.

त्या पार्लरातला सर्वात लाडका खेळ होता 'दहा दारं'. दहा दारं, प्रत्येक दारामागे एक लढवय्या, एकाला हरवलं की पुढचं दार उघडायचं. सातव्या दारात एक अगडबंब पहिलवान होता. त्याला मरणाच्या उंबरठ्यावर आणून ठेवलं, मग नुसता वेळ काढला आणि घड्याळात शेवटचे पाच सेकंद उरल्यावर उचलून आपटलं, तर तो आडवा व्हायचा, पण त्याची सावली भिंतीवर उभीच राहायची. आत्याला आधी वाटलं टीव्ही बिघडला. मग लक्षात आलं की काही कॅसेटमध्ये सावली उभी राहते, काहींत त्याच्याबरोबर पडते. तिने ते मनात ठेवून दिलं. तेव्हा त्याची किंमत शून्य होती.

पुढे वीसेक वर्षांनी संग्राहक नावाची जमात उगवली आणि त्यांनी शोध लावला की सावलीची ती चूक फक्त पहिल्या खेपेत होती. कंपनीने दुसऱ्या खेपेपासून ती सुधारली. झालं, चुकीच्या कॅसेटला सोन्याचा भाव आला आणि सुधारलेली धूळ खात पडली. आमच्या कार्यालयात मी असा हिशोब मांडला तर मला सक्तीच्या रजेवर पाठवतील.

दोन्ही खेपांची कॅसेट बाहेरून अगदी सारखी. आत बोर्डावर एक आकडा असतो आणि तोच कवचावर छापलेला असतो, पण त्यावरून खेप कळत नाही, फक्त दोन्ही आकडे जुळतात का एवढं बघता येतं, आणि त्यासाठीही कॅसेट उघडावी लागते आणि सील तुटलं की भाव गडगडतो. म्हणजे पहिल्या खेपेची कॅसेट ओळखायचा मार्ग एकच, तो म्हणजे ती खेळून बघायची. सातव्या दारापर्यंत जायचं, पहिलवानाला नेमक्या क्षणी आपटायचं आणि सावली बघायची. आता गंमत अशी की हे संग्राहक म्हणजे काचेच्या कपाटात लढाया मांडून ठेवणारी माणसं. खेळायला बसली की चौथ्या दारात मार खातात. मग सगळ्यांचं घोडं आत्याच्या दारात येऊन अडायला लागलं.

ती त्यांना एक चिठ्ठी लिहून देते. तारीख, कवचावरचा आकडा आणि खाली, "मी स्वतः खेळून बघितली. सातव्या दारात सावली उभी राहते." किंवा पडते. पुढे सही. या चिठ्ठीवर परदेशातले लोकसुद्धा डोळे मिटून पैसे टाकतात. संग्राहक तिला नुसतं 'बाई' म्हणतात. "बाईंनी बघितली का?" एवढा एकच प्रश्न असतो. खेळण्याआधी ती सुजलेली बोटं कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवते, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.

या कामासाठी तिचं एक भाड्याचं दुकान होतं. आठ बाय दहा, एका बाजूला शिंपी आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. बिघडलेल्या जॉयस्टिक, वायरींची भेंडोळी, एक जुना फुगीर काचेचा टीव्ही आणि एक स्टूल, जे ती गिऱ्हाइकाला देऊन स्वतः खोक्यावर बसायची. शिंपी आणि किल्लीवाला दुपारचे डबे तिच्याकडेच उघडायचे. तिथे बसलेली आत्या मला घरातल्या आत्यापेक्षा उंच वाटायची.

मागच्या वर्षी गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. आत्याला म्हणाला, "पहिला हक्क तुमचा. महिनाअखेरपर्यंत थांबतो." आत्याकडे साठवलेलं फारसं नव्हतं. होती ती एकच गोष्ट, 'दहा दारं'ची तिची स्वतःची कॅसेट. पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने निरोपाची भेट म्हणून काउंटरवरच्या ढिगातून उचलून दिलेली. सील शाबूत. ती तिने कधी तपासली नव्हती. म्हणायची, विकायचीच नाही तर कशाला. आता विकायची वेळ आली होती.

घेणारे होते एक दातांचे डॉक्टर, तिचे जुने गिऱ्हाईक. सावली उभी राहिली तर त्यांनी देऊ केलेल्या रकमेत गाळा आला असता आणि वर रंगरंगोटीही झाली असती. रविवारी दुपारी त्यांच्या दवाखान्यात खेळायचं ठरलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आत्या माझ्याकडे आली आणि मटार सोलता सोलता म्हणाली, "एक अडचण आहे गं. मी तेव्हा बऱ्याच कॅसेटचे बोर्ड इकडचे तिकडे केलेत. माझी त्यातलीच असेल तर?"

"सील शाबूत आहे ना?"

"सील मीच चिकटवलं असेल तर ते शाबूतच दिसणार."

"मग कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं. "सावली उभी राहिली की बोर्ड पहिल्या खेपेचा. विषय संपला. उद्या तोंडाला कुलूप लाव. तुझं दुकान जाईल, आत्या."

तिने हातातली शेंग संपवली. "बघू," म्हणाली. मी तो होकार धरला. माझी चूक तिथेच झाली, कारण तिच्या 'बघू'चा अर्थ मला चाळीस वर्षांत कळायला हवा होता.

रविवारी तो फुगीर टीव्ही टॅक्सीतून न्यावा लागला, कारण आत्या नव्या टीव्हीवर खेळत नाही. तिच्या मते नव्या टीव्हीत बटण दाबल्यावर चित्र डोळ्याचं पातं लवावं इतकं उशिरा हलतं आणि तेवढ्यात पहिलवान निसटतो. दोन जिने तो टीव्ही मी चढवला. दवाखान्यात रुग्णांच्या खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या होत्या. मध्ये काचेचं कपाट, त्यात तीसेक कॅसेट, आणि सर्वात वरच्या कप्प्यात एकटीच एक 'दहा दारं'. ती डॉक्टरांच्या संग्रहाची शान होती. त्यांनी ती कधी तपासून घेतली नव्हती. एखाद्याने तिला यंत्रात घालावं, हीच कल्पना त्यांना सोसत नसे.

आत्या खेळायला बसली. पहिली सहा दारं तिने भाजी निवडावी तशी संपवली. सातव्यात मात्र मी घड्याळाकडे बघायला लागले. पहिलवानाचा जीव एका रेषेवर आणून ती नुसती मागे मागे सरत होती. तो ठोसे मारत होता, ही चुकवत होती. घड्याळ वीस, पंधरा, दहा. तिचा अंगठा दुखत असणार, कारण खालचा ओठ तिने दातांखाली धरला होता. सात. सहा. पाचाला तिने त्याला उचललं आणि आपटलं.

पहिलवान आडवा झाला. भिंतीवर त्याची सावली उभी होती.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. मी टीव्हीच्या मागे जाऊन डोळे पुसले, अगदी खरंच. दुकान वाचलं होतं. डॉक्टर खिशातून पेन काढत होते, तेवढ्यात आत्या म्हणाली, "डॉक्टर, घाई करू नका. ही उघडून बघायला हवी."

तिने त्यांना सगळं सांगितलं. किटली, वाफ, अदलाबदल, सगळं. कसलेही आढेवेढे न घेता, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. मी तिच्या पायावर पाय दिला, तर तिने पाय बाजूला घेतला. मग तिने दवाखान्यातल्या चहाच्या किटलीत पाणी उकळलं आणि डॉक्टरांकडून दात टोकरायची बारीक सळी मागून घेतली. सील अलगद सुटलं. डॉक्टर आ वासून बघत होते. दुसऱ्यांना आ करायला लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तसं बघून एरवी मला हसू आलं असतं.

कवचावरचा आकडा नऊने संपत होता. बोर्डावरचा चारने.

"गेलं," आत्या शांतपणे म्हणाली. "हा बोर्ड दुसऱ्या कवचातला आहे."

डॉक्टर मात्र बोर्डाकडेच बघत राहिले. तो पूर्ण आकडा त्यांनी पुटपुटत दोनदा वाचला. मग कपाटाशी गेले, कुलूप काढलं आणि वरच्या कप्प्यातली ती एकटी कॅसेट आणून टेबलावर ठेवली. तिच्या कवचावर तोच आकडा होता. पार्लरातल्या मालाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती, शाबूत सील बघून.

"लावा," ते म्हणाले.

आत्याने हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन बोटं पुन्हा कोमट पाण्यात बुडवली आणि पुन्हा सहा दारं ओलांडली. सातव्यात पहिलवान पडला आणि त्याच्याबरोबर सावलीही पडली.

डॉक्टर रुग्णांच्या खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी कपाळ चोळलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला, आणि तो बदल मला आवडला, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "कवच माझ्याकडे आहे, बोर्ड तुमच्याकडे. तुम्ही बोर्ड मूळ घरात घाला. सील तुम्ही असं चिकटवता की देवालाही कळणार नाही. आकडे जुळतात, सावली उभी राहते. यात खोटं काय आहे? फक्त चिठ्ठीत लिहा की सील मूळचं आहे. ठरलेली सगळी रक्कम देतो. तुमचं दुकान तुमचं."

"आणि तसं नाही लिहिलं तर?"

"तर ती उघडलेली कॅसेट. मी बोर्डासाठी ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा देऊ शकेन, त्याहून जास्त नाही."

मी आत्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "एक ओळ आहे. एकच ओळ. हात जोडते."

आत्या कामाला लागली. डॉक्टरांची कॅसेट उघडून आतला बोर्ड काढला. आपला बोर्ड बसवला, स्क्रू फिरवले, पट्टी वाफेवर धरून जागेवर टेकवली आणि अंगठ्याने दाबून धरली. हात काढला तेव्हा मी, जिचा धंदाच खोट शोधणं आहे ती, भिंग घेऊनही काही सांगू शकले नसते. मग तिने पिशवीतून चिठ्ठ्यांची वही काढली आणि लिहिलं. डॉक्टरांनी चिठ्ठी उचलून वाचली आणि मला दिली.

"हिचं सील मी दोनदा उघडलं आहे. एकदा पार्लरात, एकदा आज. आतला बोर्ड याच कवचातला. मी स्वतः खेळून बघितली. सातव्या दारात सावली उभी राहते."

"बाई, तुम्ही बोलला नसता तर कोणालाही कळलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला नसतं कळलं. पण तुम्ही ती कधीतरी विकणार आणि घेणारा तपासायला माझ्याकडेच आणणार. तेव्हा मी कॅसेट बघू की माझी जुनी चिठ्ठी?"

"तुम्ही माझंही नुकसान केलंत."

"हो," आत्या म्हणाली. "ते तेव्हाच केलं होतं. आज सांगितलं. जोडणीची मजुरी मी घेणार नाही."

बोर्डाचे पैसे तिने घेतले. साधूपणाचा तिला सोस नाही. टॅक्सीत मी तो टीव्ही मांडीवर घेऊन तिला जे तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख म्हटलं, हट्टी म्हटलं, वडिलांची आठवण काढून बोलले. ती खिडकीतून बाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "टीव्ही नीट धर. काच आहे."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात बसून नऊ फोन केले. त्या पार्लरातली कॅसेट ज्याच्या ज्याच्याकडे गेल्याचं तिला ठाऊक होतं, त्या प्रत्येकाला सांगितलं की सीलवर विसंबू नका, आणून उघडून घ्या, पैसे लागणार नाहीत. चौघांनी आणल्या. तिघांनी फोन मधेच ठेवला. उरलेल्या दोघांनी पुन्हा तिच्याकडे काही पाठवलं नाही.

महिनाअखेर आली आणि गाळा गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. शिंप्याने आणि किल्लीवाल्याने मिळून तिचं सामान माझ्या घरी पोहोचवलं आणि दोघंही पायरीवर उगाच बराच वेळ उभे राहिले. आता ती माझ्या बंद गॅलरीत बसते. गिऱ्हाईक पूर्वीच्या निम्मंही येत नाही. स्टूल मात्र अजून गिऱ्हाइकालाच देते.

मी तिच्यावर महिनाभर चिडलेली होते. तिच्या हाताचं जेवत होते, पण धड बोलत नव्हते. एका सकाळी मी कार्यालयात निघताना ती गॅलरीत नुसतीच बसलेली दिसली. समोर काम नव्हतं. हात मांडीवर होते, बोटं एकमेकांत अडकवलेली. इतकी लहान ती मला कधीच वाटली नव्हती. माझा राग एकदम उतरला.

मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. रोज वाटतं."

"मग?"

"ते दुकानाचं वाटतं," आत्या म्हणाली. "दुकान गेलं, मी तुझ्याकडे आले. चिठ्ठीचं वाटायला लागलं असतं तर कुठे गेले असते?"

मी पिशवी खांद्यावर घेतली. सोळा वर्षांत मी हजारो कागदांवर सह्या केल्या आहेत. त्या दुपारी तिच्या जागी मी असते तर त्या एका ओळीत काय लिहिलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे, आणि तिलाही माहीत आहे.